व्हायल उघडण्याआधी

डोसच्या दिवशी पेशंट थोडं कमी सांगतात. ताप होता, पण परवा. खोकला आहे, पण तो धुळीचा. दाढ ठणकते, पण ती काय, नेहमीचीच. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या डे-केअरमध्ये मी बरीच वर्षं परिचारिका आहे. संधिवात, मणक्याचा दाह, सोरायसिस, आतड्यांचा क्रोन्स अशा आजारांचे पेशंट आमच्याकडे बायोलॉजिक औषधांचे डोस घ्यायला येतात. सुई लावणं, सलाईनचा वेग सांभाळणं हे हाताला सवयीचं झालेलं काम. अवघड असतं ते त्याच्या आधीचं, म्हणजे समोरच्या माणसाकडून पूर्ण गोष्ट काढून घेणं.

ते कमी का सांगतात, हे मला मनापासून कळतं. सकाळी उठल्यावर तासभर बोटं न उघडणारी बाई, जिची वेणी सून घालून देत होती, ती दोनतीन डोसांनंतर स्वतः भाकरी थापायला लागते. कमरेत वाकता न येणारा तरुण मुलगा पोराला खांद्यावर घेऊन वॉर्डात येतो. असं औषध आज मिळणार नाही, असं कुणी म्हणेल या धास्तीनं माणूस ताप लपवतो. औषधाचा गुण जितका मोठा, तितकी ही धास्ती मोठी. म्हणून ज्यांना हे औषध सर्वांत चांगलं लागू पडलंय, त्यांच्याच बाबतीत मी जास्त सावध असते.

शिवाय खर्च. आमच्याकडे बरेच पेशंट व्हायल स्वतः विकत घेऊन बर्फाच्या डब्यातून आणतात. 2014 च्या डिसेंबरात झायडसनं ॲडालिमुमॅब या बायोलॉजिकचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतंजुळतं औषध, भारतात आणलं, पुढे इतर कंपन्यांचीही आली आणि किमती उतरल्या. तरी शेतमजुराच्या किंवा रिक्षावाल्याच्या घरात एक डोस म्हणजे आजही मोठाच खर्च. पैसे गोळा झाले, कामावर सुट्टी टाकली, रात्रीच्या एसटीनं आलो, आणि सिस्टर म्हणते आज नको. मी त्या खुर्चीत असते तर मीही दाढेचं नाव काढलं नसतं.

म्हणून एक गोष्ट मी ठरवून पाळते. व्हायल फ्रिजमध्ये असतानाच सगळं विचारायचं. आमच्याकडच्या बायोलॉजिकांपैकी इन्फ्लिक्सिमॅब ही पांढरी पूड असते. निर्जंतुक पाणी घालून ती न हलवता, हळूच गोल फिरवत विरघळवायची, मग अडीचशे मिलीच्या सलाईनमध्ये मिसळायची आणि दोन तासांत संथपणे शरीरात सोडायची. एकदा पाणी घातलं की तीन तासांच्या आत सलाईन सुरू व्हायला हवं. त्यानंतर नकार द्यायची वेळ आली तर डोस वाया जातो, आणि डोस वाया जाईल या विचारानं भल्याभल्यांचा निर्णय डळमळतो. बंद व्हायल मात्र दोन ते आठ अंशांत पडून राहू शकते, आठवड्यानं वापरता येते.

गॅरेजमध्ये काम करणारा एक मुलगा आठवतो. मणक्याचा दाह. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. सातारच्या पुढच्या गावाहून यायचा. त्या दिवशी तपमान नॉर्मल, रक्तदाब नॉर्मल, प्रश्नांना भराभर 'नाही, नाही' अशी उत्तरं. फक्त चहा दिला तर तो एकाच बाजूनं पीत होता. तोंड उघडायला लावलं तर खालच्या दाढेपाशी हिरडी सुजून पू साचलेला. पहाटे क्रोसिन घेतली होती, ताप दिसू नये म्हणून. डॉक्टरांनी डोस थांबवला, तेव्हा तो माझ्यावर चिडला. "सिस्टर, दाढ दुखते म्हणून पाठीचं औषध बंद? काय संबंध?"

संबंध सांगायला मी त्याच्याजवळ बसले, कारण प्रश्न बरोबर होता. या औषधांतली सगळ्यांत जुनी आणि जास्त वापरली जाणारी औषधं टीएनएफ नावाच्या एका रेणूला अडवतात. हा रेणू सांध्यात आग लावतो हे खरं. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात 1992 साली मार्क फेल्डमन आणि आपल्या लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी यांनी संधिवाताच्या पेशंटांमध्ये तो अडवून पाहिला आणि सुजलेले सांधे उतरले. पण शरीरानं तो रेणू सांधे दुखवायला बनवलेला नाही. जंतू आला की पेशींना हाक मारून त्या जागी गोळा करण्याचं काम त्याचं. दाढेत पू आहे, म्हणजे लढाई चालू आहे. अशा वेळी टीएनएफ अडवला तर दाढेतला जंतू रक्तात उतरायला वेळ लागत नाही. आणि ताप, सूज, लाली ही जी लक्षणं बघून आपण सावध होतो, तीही या औषधानं दबतात. टोसिलिझुमॅबसारख्या औषधांत तर दाह दाखवणारा रक्तातला सीआरपीसुद्धा चढत नाही. आत संसर्ग पसरत असताना रिपोर्ट स्वच्छ येतो. त्यामुळे पेशंटनं सांगितलं नाही तर आम्हाला कळायला दुसरा मार्गच उरत नाही.

दाढ काढली, अँटिबायोटिकचा कोर्स पुरा झाला, हिरडी भरली आणि तो परत आला. पाठ थोडी आखडली होती मधल्या काळात, हेही खरं. नकाराची किंमत पेशंटच मोजतो. म्हणून डोस पुढे ढकलला की मधल्या दिवसांसाठी काय, वेदनाशामक गोळी चालेल का, व्यायाम कोणता, हे डॉक्टरांकडून लिहून घेतल्याशिवाय मी कुणाला उठू देत नाही.

यातलं सगळ्यांत कठीण प्रकरण टीबीचं. परदेशात लिहिलेल्या माहितीपत्रकात तो इतर धोक्यांच्या बरोबरीनं एका ओळीत असतो. आपल्याकडे तो अख्ख्या आयुष्याला चिकटलेला असतो. जगातल्या नव्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या फुप्फुसात लहानपणीच टीबीचा जंतू जाऊन बसलेला असतो. शरीराच्या पेशी त्याच्याभोवती घट्ट कडं करतात आणि तो आतच निपचित राहतो, बहुतेकांच्या बाबतीत जन्मभर. ते कडं टिकवून धरणारा मुख्य रेणू म्हणजे हाच टीएनएफ.

औषध अडवतं टीएनएफला, आणि कडं सैल पडतं. 2001 मध्ये अमेरिकेतल्या जोसेफ कीन आणि सहकाऱ्यांनी इन्फ्लिक्सिमॅबनंतर टीबी झालेल्या 70 जणांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या 48 जणांना तीन किंवा त्याहून कमी डोसांनंतरच आजार दिसला होता. निम्म्याहून जास्त लोकांचा टीबी फुप्फुसाबाहेर होता, सतरा जणांच्या तर सर्वांगात पसरलेला. माझ्या बरोबरीच्या नव्या मुलींना मी हे आकडे पाठ करायला लावते. खोकला नाही म्हणजे टीबी नाही, ही आपली समजूत इथे चालत नाही. या पेशंटांचा टीबी पोटात पाणी होऊन येतो, मानेत गाठ होऊन येतो, नुसती रोज संध्याकाळची कणकण आणि सैल होत गेलेली पाटलोण एवढंच घेऊन येतो.

सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, मांटू किंवा रक्तातली इग्रा तपासणी होते. झाकलेला टीबी निघाला तर प्रतिबंधक गोळ्या सुरू करून निदान महिनाभर थांबतात, मगच बायोलॉजिक; गोळ्यांचा कोर्स पुढे पूर्ण करायचाच. चालू असलेला टीबी निघाला तर या औषधाचा विषय तिथेच बाजूला ठेवावा लागतो, आधी टीबीचे उपचार. पण या तपासण्या फसतात. पेशंट महिनोन्‌महिने स्टिरॉइडवर असेल तर मांटू अनेकदा उठतच नाही. म्हणून मी तपासणीपेक्षा संभाषणावर जास्त विसंबते, आणि 'घरात कुणाला टीबी होता का' हा प्रश्न सगळ्यांसमोर कधीच विचारत नाही. सासूसमोर सून सांगत नाही की माहेरी वडील त्यातच गेले. नवऱ्यासमोर बायको सांगत नाही की लग्नाआधी सहा महिने गोळ्या घेतल्या होत्या. मी वजन करायला म्हणून पेशंटला एकटीला आत नेते आणि मग वेगळ्या तऱ्हेनं विचारते. लहानपणी कधी खूप दिवस गोळ्या, लघवी लाल व्हायची अशा? घरात कुणाला सरकारी दवाखान्यातून औषधं यायची? लाल लघवी लोकांना आठवते.

सुरुवातीला सगळं स्वच्छ निघालेली एक ताई, सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातली, वर्षभर नियमित डोस घेत होती. एकदा सलाईनची तयारी करताना तिनं सहज विचारलं, "सिस्टर, टीबीच्या गोळ्या दुधाबरोबर चालतात का हो? मामंजींना उलट्या होतात." सासऱ्यांना महिन्यापूर्वी थुंकीचा टीबी निघाला होता, आणि त्यांचं सगळं ती करत होती, त्यांच्याच खोलीत झोपत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. वर्षापूर्वीच्या फॉर्मवर 'टीबी: नाही' असं लिहिलेलं होतं आणि तो कागद प्रत्येक भेटीला पुढे सरकत होता. डोस थांबला. पुन्हा एक्स-रे, पुन्हा इग्रा. ती इग्रा पॉझिटिव्ह आली. आजार झालेला नव्हता, पण जंतू पोचला होता. प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या, सासऱ्यांची खोली वेगळी झाली, घरातल्या दोन पोरांची तपासणी झाली. वर्षापूर्वी ज्या शरीराला हे औषध चालत होतं, त्याच शरीराला त्या महिन्यात ते चालणार नव्हतं. तेव्हापासून मी जुन्या फॉर्मवर विसंबत नाही. प्रत्येक डोसला सगळे प्रश्न नव्यानं, पेशंट कंटाळला तरी.

पावसाळ्यात डेंग्यू, तापाची साथ. आषाढात वारी करून आलेले एक काका पायाच्या जखमेसह आले, मधुमेह आधीचा. "माउलीच्या वाटेवरची जखम, तिनं काय होतंय," म्हणाले. त्यांचा डोसही जखम भरेपर्यंत थांबला, आणि शस्त्रक्रियेची वेळ आली असती तरी तसाच थांबला असता. गुडघा बदलण्यासारख्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रिया डोसचं चक्र संपत आल्यावर ठेवतात आणि टाके सुकल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, औषध पुन्हा सुरू करतात.

काही नकार मात्र तात्पुरते नसतात. हिपॅटायटिस बी यकृतात झोपलेला असेल आणि तपासल्याशिवाय औषध दिलं, तर तो उठून यकृत निकामी करू शकतो; रिटुक्सिमॅब या बायोलॉजिकमध्ये हा धोका सर्वांत मोठा. विषाणूविरोधी गोळ्यांच्या आडोशानं काही जणांना पुढे जाता येतं, पण आधी माहीत तर हवं. हृदय कमजोर असलेल्यांची कथा मला फार शिकवणारी वाटते. हृदय निकामी होत असताना रक्तात टीएनएफ वाढतो, म्हणून तो अडवला तर हृदयाला आराम पडेल असं संशोधकांना वाटलं होतं. दीडशे रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅबचा अभ्यास झाला, 2003 मध्ये निकाल आले, आणि जास्त डोस मिळालेल्यांत मृत्यू आणि रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण उलट वाढलेलं होतं. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातही हेच झालं. टीएनएफ अडवणाऱ्या एका औषधानं तो आजार बळावला. डोळ्याच्या नसेची सूज ही त्याच आजाराची खूण असू शकते. त्यामुळे ज्याला पूर्वी अशी सूज येऊन दिसेनासं झालं होतं, त्याला मी 'चष्म्याचा नंबर बदलला असेल' असं म्हणू देत नाही. आणि सोरायसिसवर उत्तम चालणारं सेक्युकिनुमॅब क्रोन्सच्या रुग्णांना देऊन पाहिलं तर त्यांचं आतडं बिघडलं. म्हणून सोरायसिसच्या पेशंटला मी शौचाचं विचारते. त्वचेच्या औषधासाठी आलो आणि ही बाई पोटाचं काय विचारते, असा चेहरा होतो. विचारते तरी.

गरोदर बायकांच्या बाबतीत मात्र थांबून बोलावं लागतं, कारण तिथे औषध टाळायचं की चालू ठेवायचं हा प्रश्न सरळ नाही. आजार भडकलेला असणं हेही बाळाला घातक. त्यामुळे काही जणींना डॉक्टर विचारपूर्वक चालू ठेवतात. पण इन्फ्लिक्सिमॅब, ॲडालिमुमॅब ही प्रतिद्रव्यं आहेत. आईची इतर प्रतिद्रव्यं शेवटच्या महिन्यांत जशी वारेतून बाळाकडे जातात, तशी हीही जातात आणि जन्मानंतर कित्येक महिने बाळाच्या रक्तात राहतात. आणि आपल्याकडे बाळ जन्मल्याबरोबर, घरी जायच्या आत, बीसीजी टोचतात. बीसीजी ही टीबीविरुद्धची जिवंत लस. 2010 मध्ये इंग्लंडमधून एका बाळाची नोंद प्रसिद्ध झाली. क्रोन्ससाठी आईनं गरोदरपणी इन्फ्लिक्सिमॅब घेतलं होतं, बाळाला तीन महिन्यांचं असताना बीसीजी दिली गेली, आणि लशीतलाच जंतू सर्वांगात पसरून ते साडेचार महिन्यांचं असताना गेलं. आता इन्फ्लिक्सिमॅब पोटात असताना मिळालेल्या बाळांना वर्षभर जिवंत लशी देऊ नयेत असं सांगतात.

हे इथल्या डॉक्टरांना ठाऊक असतं. पण बाळंतपण इथे होत नाही. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते, नाशिकला नाहीतर परभणीला, आणि तिथल्या प्रसूतिगृहात तिची ही फाइल नसते. तिथली सिस्टर माझ्यासारखीच दिवसभर बाळांना लशी टोचत असते, आणि न टोचता घरी पाठवणं हा तिच्या दृष्टीनं हलगर्जीपणा. म्हणून माहेरी निघायच्या आधी डॉक्टरांचं पत्र मी त्या मुलीच्या माता-बाल कार्डाला चिकटवते. बीसीजी नाही, पोलिओचे थेंब नाहीत, रोटाव्हायरस नाही. इंजेक्शनची पोलिओ लस आणि बाकीच्या निर्जीव लशी मात्र वेळेवर. शिवाय तिच्या आईला फोनवर समजावते, कारण बाळाला घेऊन दवाखान्यात आजीच जाणार असते. एका आजीनं मला विचारलं होतं, "म्हणजे माझ्या नातवाला टीबीची लस कधीच नाही?" नंतर मिळेल, वेळ आल्यावर, असं सांगितल्यावर त्या शांत झाल्या. मला तो प्रश्न फार आवडला. नकार कायमचा आहे की काही काळाचा, हे माणसाला कळलं की तो नकार पाळतो.

अजून एक प्रकार आहे, ज्याबद्दल मला वाईट वाटतं. काही पेशंट दुसरीकडून डोस सुरू करून येतात आणि आमचे डॉक्टर तपासतात तेव्हा सांध्यात दाह नसतोच. झिजलेला गुडघा, मणक्यातली सरकलेली चकती, कमी झालेलं डी जीवनसत्त्व. कुणीतरी 'सगळ्यात भारी इंजेक्शन' म्हणून ते दिलेलं असतं. संधिवातावर आधी द्यायची मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी नीट मात्रेत, पुरेसे महिने देऊनही पाहिलेली नसते. घरातलं सोनं गहाण पडलेलं असतं. अशा वेळी औषध बंद करा म्हणणं म्हणजे त्यांना ती आपली हारच वाटते.

आणि स्वतःहून बंद करणाऱ्यांनाही मी रागावते. बरं वाटलं म्हणून सहा महिने आलेच नाहीत, मग दुखायला लागल्यावर व्हायल घेऊन हजर. इन्फ्लिक्सिमॅबमध्ये असा मोठा खंड पडला की शरीर त्या औषधाविरुद्धच प्रतिद्रव्यं तयार करतं, आणि पुन्हा सुरू करताना थंडी वाजून, दम लागून, रक्तदाब उतरून पेशंट कोसळू शकतो. त्यामुळे थांबणं असो की सुरू करणं, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच.

गॅरेजवाल्या मुलाचा एक शब्द माझ्या डोक्यात राहिला होता. घरी परत निघताना तो म्हणाला होता, "हेच फोनवर सांगितलं असतं तर हजेरी बुडाली नसती." खरंच होतं. आता आम्ही डोसच्या आदल्या दिवशी सकाळी प्रत्येकाला फोन करतो. घरातून बोलताना माणसं मोकळं बोलतात. एसटीचं तिकीट काढलेलं नसतं, बर्फाचा डबा भरलेला नसतो, त्यामुळे लपवण्यासारखं फारसं उरत नाही. ताप, खोकला, जखम, दात, जुलाब, लघवीची जळजळ, घरात कुणी आजारी, कुठली लस घेतली का, एवढं विचारते.

परवा एका मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, "मला काही नाही हो, पण नातवाला कालपासून कांजिण्या आल्यात. मांडीवरच असतो माझ्या. येऊ का मी?" मी विचारलं, तुम्हाला लहानपणी आल्या होत्या का? त्यांना आठवेना. डॉक्टरांना विचारून कळवते, तोवर निघू नका, म्हटलं. रक्ताची एक तपासणी गावातच करून घ्यावी लागेल, हेही सांगितलं. अर्ध्या तासानं मी परत फोन लावला तर तो लागेना. लाइन बिझी होती. मावशी त्यांच्या थोरल्या बहिणीला विचारत होत्या, लहानपणी आपल्याला देवी आल्या होत्या की कांजिण्या.